स्वभावाची किंमत

नेत्याचा स्वभाव ही त्याची खाजगी बाब आहे, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. 'रागीट आहेत, पण मनाने निर्मळ आहेत' असे म्हणून एखाद्या वरिष्ठाच्या तापटपणावर पांघरूण घातले जाते. तो राग त्याच्या दालनापुरता मात्र राहत नाही. साहेबांचा मूड पाहून मगच फाईल आत न्यायची, हे कचेरीतल्या शिपायालाही ठाऊक असते. साहजिकच अप्रिय वार्ता दाराबाहेरच पडून राहते. ती वार्ता देशाच्या संरक्षणाची असेल तर काय होते, हे १९६२ साली आपण भोगले आहे.

तेव्हाचे संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन हे सामान्य बुद्धीचे गृहस्थ नव्हते. १९५७ साली सुरक्षा परिषदेत काश्मीरप्रश्नी जवळजवळ आठ तास भारताची बाजू मांडणारे ते हेच मेनन. सैनिकी शाळांची कल्पनाही त्यांचीच. त्यातील पहिली शाळा १९६१ साली आपल्या साताऱ्यात उभी राहिली. हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु समोरच्याला तुच्छ लेखण्याची सवय त्यांच्या हाडीमाशी खिळली होती. सेनाधिकाऱ्यांशी त्यांचे खटके उडत राहिले. ऑगस्ट १९५९ मध्ये लष्करप्रमुख जनरल थिमय्या यांनी राजीनामा दिला. पंडित नेहरूंनी तो मागे घ्यायला लावला आणि नंतर संसदेत थिमय्यांच्याच कृतीवर टीका केली! त्यातून घ्यायचा तो धडा इतर अधिकाऱ्यांनी घेतला.

मेनन यांचा दोष अहंकाराचा, तर नेहरूंचा वेगळ्या जातीचा. चीन मोठे आक्रमण करणार नाही, ही त्यांची धारणा होती आणि नावडत्या वार्तेला त्या धारणेत जागाच उरली नव्हती. ठागला परिसरातील कारवाई आपल्या सैन्याला झेपणारी नाही, असे बजावणाऱ्या ले. जन. उमराव सिंग यांना त्या जबाबदारीतून दूर करण्यात आले. कामगिरी सोपवली गेली ती ले. जन. कौल यांच्याकडे. रणांगणावर सैन्य लढवण्याचा अनुभव कौल यांना नव्हता. पंतप्रधानांची मर्जी मात्र होती. १२ ऑक्टोबरला, चिन्यांना हटवण्याचा आदेश दिला आहे, असे नेहरूंनी पत्रकारांना सांगितले. २० ऑक्टोबरला नामका चू नदीकाठी ब्रिगेडियर दळवी यांची ब्रिगेड चिरडली गेली आणि दळवी स्वतः युद्धकैदी झाले. 'हिमालयन ब्लंडर' हे त्यांचे पुस्तक ज्यांनी वाचले नसेल, त्यांनी अवश्य वाचावे. आपण स्वतःच निर्माण केलेल्या कृत्रिम वातावरणात वावरत होतो, अशी कबुली नेहरूंनी त्याच महिन्यात दिली. कबुली प्रामाणिक होती, पण नामका चूच्या काठी पडलेल्या जवानांना तिचा काय उपयोग?

नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. त्यांच्या राजकारणाविषयी मतभेद असू शकतात. त्यांच्या कार्यपद्धतीविषयी असू नयेत. दलप्रमुखांना सकाळच्या बैठकीत एकत्र बसवून मोकळेपणी बोलू देण्याचा त्यांचा शिरस्ता होता. लष्करी डावपेच आपल्याला सेनापतींपेक्षा अधिक कळतात, असा आव त्यांनी आणला नाही. १ सप्टेंबर १९६५ रोजी छांब क्षेत्रात पाकिस्तानी रणगाडे घुसले. दुपारी जनरल चौधरी आणि हवाईदलप्रमुख अर्जन सिंग यांनी विमाने वापरण्याची अनुमती मागितली. १९६२ मध्ये लढाऊ विमाने वापरलीच गेली नव्हती. चव्हाणांनी काही मिनिटांत होकार दिला आणि सूर्यास्तापूर्वी पठाणकोटहून विमाने झेपावली.

त्या संध्याकाळी आपली चार व्हॅम्पायर विमाने पडली. अनुमती देणाऱ्या मंत्र्याच्या मनावर दडपण आले नसेल, असे कोण म्हणेल? युद्धाच्या त्या दिवसांत चव्हाण रोजनिशी लिहीत होते. मनातले ओझे त्यांनी तिच्यात उतरवले. त्यांचे तेव्हाचे खाजगी सचिव राम प्रधान यांनी ती २००७ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा कुठे ते ओझे इतरांच्या दृष्टीस पडले. युद्धाला तोवर बेचाळीस वर्षे उलटली होती.