थंड द्वेष

द्वेष म्हणजे रागाचाच थोरला भाऊ, अशी समजूत आपल्या सुशिक्षितांत रूढ आहे. ती मला साफ अमान्य आहे. भरताने क्रोधाला स्थायिभाव मानले. द्वेषाला त्या आठांत जागा नाही. ॲरिस्टॉटलने तर भेदच सांगून ठेवला : राग व्यक्तीवर येतो आणि काळाने निवतो, द्वेष अख्ख्या वर्गाचा करता येतो, व त्याला काळाचे औषध लागू पडत नाही. रागावलेल्याला दुसऱ्याने दुःख भोगावे असे वाटते. द्वेष्ट्याला तो मुळी नसावाच असे वाटते.

असा द्वेष आरडाओरडा न करताही वाढतो. रुआंडात बेल्जियमच्या अंमलाखाली १९३० च्या दशकात ओळखपत्रांवर हुतू, तुत्सी, त्वा अशी नोंद होऊ लागली. कारकुनी काम, दुसरे काय! १९९४ साली नाक्यानाक्यावर तीच नोंद पाहून माणसे वेगळी काढली गेली. रेडिओवरून तुत्सींना झुरळे म्हटले जात होते. सुमारे शंभर दिवसांत लक्षावधी माणसे मारली गेली.

"आम्ही कोणाचाच द्वेष करीत नाही," असे आपल्या मंडळाच्या बैठकीत ऐकू येते, आणि त्याच दमात "इथले लोक असेच," हेही. परमुलखातील नोकरीत मीही हे वाक्य उच्चारले आहे. तेव्हा हे आरोपपत्र माझ्यावरही आहे. गणेशोत्सवाला ज्यांच्याकडे हक्काने वर्गणी मागतो, त्यांना घरी एकदाही जेवायला बोलावीत नाही. याला तुच्छता म्हणा, किळस म्हणा. निरुपद्रवी मात्र म्हणू नका. ज्याचा अर्ज आपण विनाकारण महिनाभर दाबून ठेवतो, त्याला त्याचे खरे नाव ठाऊक असते.