घरघर चालेल, टकटक नको!
बदलून आलेली हार्ड डिस्क आवाज करते म्हणून माझा रूममेट वैतागलाय. माझं म्हणणं एवढंच, आधी आवाज ओळखा! जुनी ५४०० आरपीएमची डिस्क सेकंदाला ९० फेरे घ्यायची, ही ७२०० ची १२० घेते. घरघर थोडी वाढणारच. लोखंडी टेबलावर ती आणखी घुमते. स्क्रू नीट आवळा, जुनी रबरी पट्टी असेल तर परत बसवा, बरंच भागतं. अधूनमधून एखादी ‘टक’ म्हणजे बहुधा हेड पार्क होतंय. पण सारखी टकटक आणि फाइल उघडेना, तर मित्रांनो, सबमिशन राहू द्या, आधी बॅकअप घ्या. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, वर्षभराचा प्रोजेक्ट नाही. एसएसडी मुकाट असते खरी, पण बऱ्याचदा जातेही मुकाटच. बॅकअप तिचाही हवाच!