‘सर, मला चित्र येत नाही!’

एखाद्या वर्गात जाऊन मुलांना सांगा, ‘मनाला येईल ते चित्र काढा.’ थोड्या वेळाने कागद गोळा केले, तर बहुतेक कागदांवर एकच चित्र सापडेल. दोन डोंगर, त्यांच्यामधून डोकावणारा सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी आणि झोपडीशेजारी नारळाचे झाड. मी मालेगावच्या एका शाळेत शिकवत होतो, तेव्हा मला दरवर्षी हाच अनुभव येई. आमच्या मुलांच्या गल्लीत नारळाचे झाड नव्हते आणि तशी झोपडीही नव्हती. तिथे यंत्रमाग होते, त्यांची रात्रंदिवस चालणारी खडखड होती, चहाच्या टपऱ्या होत्या. पण कागदावर मात्र नारळ!

काही मुलांचे कागद कोरेच असत. कारण विचारले, की उत्तर ठरलेले, ‘सर, मला चित्र येत नाही.’

मुलांनो, माझ्या मते त्या सगळ्या कागदांत एकच उणीव होती. कोऱ्या कागदावर काही नव्हते आणि नारळाच्या चित्रात चित्र काढणारा नव्हता.

ही गोष्ट मला एका मुलाने शिकवली. तो आठवीत होता. सतत उशिरा यायचा. उशिराचे कारण विचारले, की मान खाली घालायचा. मराठीत विचारले तरी गप्प, उर्दूत विचारले तरी गप्प. तीन आठवडे मी त्याला रोज रागावत होतो. एके दिवशी मी वर्गाला सांगितले, ‘आज डोंगर नको, नदी नको. सकाळी घरातून निघताना जे शेवटचे पाहिले, ते काढा.’

त्या मुलाने एक माग काढला. मागाजवळ जमिनीवर एक माणूस बसलेला. गुडघ्यांना हातांची मिठी, मान खाली. बाकी सारा कागद रिकामा. त्या माणसाचा एक हात लांब आणि एक आखूड झाला होता. मागाच्या रेघाही वाकड्या होत्या. मी हळूच विचारले, ‘माग बंद आहे का?’ त्याने मान हलवली. मग तो बोलू लागला. धंद्यात मंदी होती. महिनाभर अब्बांना काम नव्हते. म्हणून तो पहाटेपासून एका हॉटेलात कपबश्या धुवायचा आणि मग शाळेत यायचा. माझ्या तीन आठवड्यांच्या रागावण्याने जे कळले नाही, ते त्या वेड्यावाकड्या रेघांनी एका क्षणात सांगितले. मला माझीच लाज वाटली.

तेव्हापासून मी म्हणतो, की चित्र ही आधी भाषा आहे आणि मग कला. कला सर्वांना येईलच असे नाही. पण भाषा सर्वांना शिकता येते. पहिल्या दिवशी कोणाचे अक्षर सुंदर येते? तुम्ही ‘नून’ काढायला शिकलात, तेव्हा त्याची गोल वाटी किती वेळा बिघडली असेल! तरीही ‘मला अक्षर येत नाही’ असे म्हणून तुम्ही लिहिणे सोडले नाही. खत्ताती शिकणारे तर प्रत्येक अक्षराची उंची आणि रुंदी कलमाच्या नुक्त्यांनी मोजतात. संगणक येण्यापूर्वी उर्दू वर्तमानपत्रे कातिब हाताने लिहीत असत. बाकदार रेघ ओढण्याची सवय तुमच्या हाताला आधीपासून आहे. तीच रेघ आता अक्षराऐवजी वस्तूभोवती फिरवायची आहे. शिवाय ती उजवीकडून ओढली काय आणि डावीकडून ओढली काय, चित्र सारखेच वाचले जाते.

यासाठी महागडे साहित्य लागत नाही. एक शिसपेन्सिल आणि जुन्या वहीचे कोरे कागद पुरेत. तिला शिसपेन्सिल म्हणतात खरे, पण तिच्यात शिसे मुळीच नसते. ग्रॅफाइट आणि चिकणमाती यांच्या मिश्रणाची ती कांडी असते. फ्रान्समधील काँते याने १७९५ मध्ये ही रीत आणली. माती जास्त असेल, तर पेन्सिल कठीण होते आणि रेघ फिकी उमटते. ग्रॅफाइट जास्त असेल, तर पेन्सिल मऊ होते आणि रेघ काळी येते. पेन्सिलीवरील ‘एच’ हे अक्षर कठीणपणा दाखवते, तर ‘बी’ हे काळेपणा. ‘एचबी’ ही मधली. सुरुवातीला तीच घ्या.

प्रथम एक गोल काढा. त्यात डोळ्यांसाठी दोन ठिपके आणि तोंडासाठी एक आडवी रेघ द्या. आता फक्त भुवया बदला. भुवयांची आतली टोके वर उचलली, की चेहरा दुःखी होतो. तीच टोके खाली आणली, की चेहरा रागावतो. दोन्ही भुवया उंच नेल्या, की चेहरा चकित होतो. दोन छोट्या रेघा आणि केवढा फरक! मग पाठीची रेघ पाहा. ताठ पाठ आणि वाकलेली पाठ एकच गोष्ट सांगत नाहीत. मोठ्या कागदाच्या कोपऱ्यात एक लहान माणूस काढला, की तो एकटा वाटतो. कधी माणसाचीही गरज नसते. उंबऱ्याबाहेर चपलांची गर्दी काढली, तरी घरात पाहुणे आले आहेत हे समजते. पावसात एका छत्रीखाली दोन मित्र काढा आणि प्रत्येकाचा एकेक खांदा भिजलेला दाखवा. त्यांची मैत्री वेगळी सांगावी लागणार नाही.

आर. के. लक्ष्मण यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. शाळेत त्यांनी पिंपळाचे पान काढले, तेव्हा शिक्षकांनी त्यांची पाठ थोपटली. पुढे मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाने मात्र त्यांना प्रवेश नाकारला. लक्ष्मण खिडकीतून दिसणारे कावळे, रस्त्यावरची माणसे, घरातल्या वस्तू काढतच राहिले. १९५१ पासून त्यांचा ‘सामान्य माणूस’ वर्तमानपत्रात येऊ लागला. चौकड्यांचा कोट आणि धोतर घातलेला हा माणूस व्यंगचित्रात एक शब्दही बोलत नाही. तो नुसता पाहतो. तरीही त्याच्या मनातले लाखो वाचकांना कळत असे.

काही पालक म्हणतात, ‘चित्रे काढून पोट भरते का?’ मला त्यांना सांगावेसे वाटते, की सुतार फळीवर पेन्सिलीने रेघ मारल्याशिवाय करवत चालवत नाही. शिंपी कापडावर खडूने आकृती काढतो, मगच कात्री लावतो. विज्ञानाच्या उत्तरपत्रिकेत वनस्पतीची पेशीही पेन्सिलीनेच काढावी लागते. पण मी केवळ उपयोगासाठी चित्रकलेची बाजू घेत नाही. परीक्षा जवळ आली, की चित्रकलेचा तास गणिताला दिला जातो. गणित महत्त्वाचेच आहे. परंतु आठवड्यातून एखाद्या तासाला मूल आपल्या मनातले कागदावर उतरवत असेल, तर तो तास त्याच्याकडून काढून घेऊ नये. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा चांगल्याच आहेत. पण चित्र काढणे हे फक्त त्या परीक्षांना बसणाऱ्यांचे काम नाही.

चित्राने सगळेच सांगता येते असेही नाही. त्या मुलाचा माग मला दिसला. परंतु तो कधीपासून बंद आहे, घर कसे चालते, हे शब्दांनीच कळले. चित्राने दार उघडले आणि त्या दारातून शब्द बाहेर आले. नवी भाषा शिकताना शब्द अनेकदा अडतात. अशा वेळी आधी चित्र काढा आणि मग त्याखाली एक वाक्य लिहा. मराठी वाक्ये जुळवायला मी माझ्या विद्यार्थ्यांना असेच शिकवले.

आज रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटे काढा. दिवसभरात पाहिलेली एखादी गोष्ट कागदावर उतरवा. नळावरची रांग असेल, अम्मीचे पीठ मळणारे हात असतील, किंवा रिकामा झालेला तुमचा डबा असेल. खोडरबर दप्तरातच राहू द्या. रेघ वाकडी आली तर येऊ द्या. ती तुमची असली, म्हणजे झाले.

त्या मुलाचे चित्र मी अजून जपून ठेवले आहे. त्यातला एक हात अजूनही आखूडच आहे. पण तो दुरुस्त करावा, असे मला कधी वाटले नाही.