बोलिन पब पुन्हा उघडला, पण तो चालायचा कुणाच्या जिवावर?

अपटन पार्क, ईस्ट हॅम, प्लेस्टोकडच्या मंडळींनो, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

ग्रीन स्ट्रीट जिथे बार्किंग रोडला मिळतो, त्या कोपऱ्यावरचा बोलिन टॅव्हर्न तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. निदान बसच्या खिडकीतून तरी. वेस्ट हॅमच्या चाहत्यांचा हा जुना अड्डा. २०२१ साली रिमार्केबल पब्ज नावाच्या, लंडनमध्येच पब चालवणाऱ्या कंपनीने भरपूर पैसा ओतून त्याची डागडुजी केली आणि पुन्हा दारं उघडली. मध्यंतरी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी विचारलं की तिथे बायकापोरांना घेऊन गेलं तर चालतं का. उत्तरं बहुतेक एकाच सुरातली होती: "कशाला? आपला काय संबंध?"

त्या 'काय संबंध'वरच लिहायचं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. हा पब जगला काय, बंद पडला काय, हा आता वेस्ट हॅमच्या जुन्या चाहत्यांपेक्षा आपला प्रश्न जास्त आहे. ते गेले. आपण इथे राहतो.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय मुद्दा कळणार नाही.

ही इमारत १८९९-१९०० मधली. वेस्ट हॅम क्लब या मैदानावर आला १९०४ साली. म्हणजे पब आधी, स्टेडियम नंतर. क्लबही काही बड्या लोकांनी काढलेला नव्हता. १८९५ मध्ये थेम्स आयर्नवर्क्स या जहाज बांधण्याच्या कारखान्यातल्या कामगारांची टीम म्हणून तो सुरू झाला आणि १९०० मध्ये त्याचं वेस्ट हॅम युनायटेड झालं. पुढे ११२ वर्षं सीझन असला की एक शनिवार आड हा कोपरा माणसांनी फुलायचा.

मी इथे राहायला आलो तेव्हा सामने अजून इथेच व्हायचे. मॅचच्या दिवशी भाजी सकाळीच आणून ठेवायची, हे पहिल्याच महिन्यात शिकलो. पस्तीस हजार माणूस. अपटन पार्क स्टेशनबाहेर पोलिसांचे घोडे, ग्रीन स्ट्रीटवर साड्यांच्या आणि सोन्याच्या दुकानांसमोरून जाणारा मरून-निळ्या जर्सींचा लोंढा. तेव्हा वैताग यायचा, खोटं कशाला बोलू!

१० मे २०१६ ला शेवटचा सामना झाला. मँचेस्टर युनायटेडला ३-२ ने हरवून क्लबने मैदानाचा निरोप घेतला आणि स्ट्रॅटफर्डच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये बिऱ्हाड हलवलं. जुनं स्टेडियम पाडलं. तिथे आज ८४२ घरांची वसाहत उभी आहे. परळ-लालबाग ज्यांनी पाहिलंय त्यांना ही गोष्ट नव्याने सांगायला नको.

क्लब गेला तसं आजूबाजूच्या धंद्याचं गणितच बदललं. मफलर विकणारे, बर्गरच्या गाड्या, पाय अँड मॅशवाले, कॅफे, पब, सगळ्यांचा गल्ला मॅचच्या दिवशी भरायचा आणि त्यावर बाकीचे दिवस निघायचे. गिऱ्हाईक तीन मैलांवर निघून गेलं, पण भाडं, बिझनेस रेट आणि पगार इथेच राहिले.

अशा वेळी पबचा मालक साधारण दोनच गोष्टी करतो. विकून मोकळा होतो, नाहीतर जागा पडू देतो. लंडनमध्ये किती पबांचे फ्लॅट झाले हे आपण डोळ्यांनी पाहतो. इथे तसं झालं नाही, याचं श्रेय नव्या मालकांना द्यायलाच हवं. बोलिन ही ग्रेड टू यादीतली वारसा इमारत आहे. त्यांनी तिच्यावर फक्त रंगाचा हात फिरवला नाही, आतली नक्षीदार काचांची लाकडी पार्टिशनं पुन्हा उभी केली. मागच्या हॉलच्या छतातून रंगीत काचेतून उजेड येतो. बघण्यासारखं काम आहे.

त्या पार्टिशनांमध्ये एक गंमत आहे. व्हिक्टोरियन काळात पबचे कप्पे असायचे ते माणसं वेगळी बसवण्यासाठी. मजूर एकीकडे, कारकून-दुकानदार दुसरीकडे, त्यांच्यासाठी दर थोडा जास्त, खुर्ची थोडी मऊ. पुढे फुटबॉलची गर्दी मावेना म्हणून कप्पे निघाले आणि एकच मोठी खोली झाली. म्हणजे भिंती पाडल्या त्या फुटबॉलने, आणि परत आणल्या त्या वारशाने. मला त्या काचा आवडतात. पण काच परत आली म्हणून माणसंही पुन्हा कप्प्यात बसायला नकोत, एवढंच.

आता 'काय संबंध' म्हणणाऱ्यांकडे येतो. त्यांना मी झटकून टाकत नाही, कारण त्यांच्या म्हणण्याला कारणं आहेत.

पहिलं कारण भीतीचं. आपल्यातले बरेच जण गेल्या पंधरा-वीस वर्षांत आयटीच्या नोकरीवर आले, त्यांना हे ठाऊक नसतं. सत्तर-ऐंशीच्या दशकात इथल्या गुजराती, पंजाबी, पाकिस्तानी, बंगाली कुटुंबांसाठी मॅचचा दिवस म्हणजे पोरांना घरात घेऊन दार लावायचा दिवस होता. नॅशनल फ्रंटवाले फुटबॉलच्या गर्दीत आपली भरती करायचे. १९८० मध्ये ईस्ट हॅमच्या हाय स्ट्रीट नॉर्थवर एका पाकिस्तानी तरुणाचा वर्णद्वेषातून खून झाला. त्या वर्षी उभ्या राहिलेल्या न्यूहॅम मॉनिटरिंग प्रोजेक्टने पुढे अनेक वर्षं अशा हल्ल्यांविरुद्ध काम केलं. तेव्हाची माणसं पबच्या पायरीला शिवली नाहीत, त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

त्याआधी तर काही पबांत सरळ मनाई होती. बर्मिंगहॅमजवळच्या स्मेथिकमध्ये भारतीय माणसाला काही पबांत दारूच देत नसत, दिली तर वेगळ्या खोलीत. इंडियन वर्कर्स असोसिएशनचे लोक मुद्दाम जाऊन बसायचे, नकार घ्यायचे आणि तो नकार सगळ्यांसमोर आणायचे. फेब्रुवारी १९६५ मध्ये माल्कम एक्स स्वतः तिथे येऊन गेले. त्याच वर्षी कायदा झाला आणि पबसारख्या सार्वजनिक जागेत वर्णावरून कुणाला अडवणं बेकायदा ठरलं.

यापुढची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्या भागातल्या आपल्या लोकांनी पब कायमचा टाकला नाही. गिऱ्हाईक कमी होऊन जुने पब बंद पडायला लागले तेव्हा पंजाबी मंडळींनी ते चालवायला घेतले. आज त्यांना 'देसी पब' म्हणतात. टीव्हीवर फुटबॉल, ताटात तंदुरी मिक्स्ड ग्रिल, आणि एका टेबलावर जुना गोरा कामगार, शेजारी सरदारजी. ज्या दारातून हाकललं, तेच दार त्यांनी उघडं ठेवलं. हक्क मिळाल्यावर तो वापरला. आपण इथे तो वापरतच नाही.

आणि वेस्ट हॅमचाही इतिहास एकरंगी नाही. याच क्लबने १९७२ साली एका सामन्यात तीन कृष्णवर्णीय खेळाडू एकत्र उतरवले, जे तेव्हा इंग्लंडच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये अजिबात नेहमीचं नव्हतं. त्यांच्यातला बर्म्युडाचा क्लाइड बेस्ट वर्षानुवर्षं मैदानांवर शिव्या खात खेळला आणि वेस्ट हॅमवाल्यांचा लाडका झाला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकच सांगितली तर अर्धवट होईल.

दुसरं कारण दारूचं. इथे स्पष्टच बोलतो. दारूने उद्ध्वस्त झालेली घरं आपण गावाकडे पाहिली आहेत, इथेही आहेत. मी कुणाला प्यायला सांगत नाहीये. पण 'पब' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गुत्ता येतो, तिथे गल्लत होते. पब्लिक हाऊस, म्हणजे सगळ्यांसाठी उघडं घर. लिंबू घातलेला सोडा घेऊन दोन तास बसलात तरी कुणी उठवत नाही. या भागात अशी दुसरी जागा दाखवा, जिथे संध्याकाळी कामावरून आल्यावर एका ग्लासच्या पैशात, अपॉइंटमेंट न घेता बसता येतं आणि शेजारचा माणूस तुमच्याशी बोलू शकतो.

तिसरं म्हणणं: "आपलं मंडळ आहे ना." आहे, आणि अभिमान आहे. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं. पण ते डॉलिस हिलला, इथून तासाभराच्या अंतरावर. गणपतीला, दिवाळीला जातोच. मंडळ सणावाराचं, शेजार रोजचा. बिन उचलले नाहीत, फुटपाथवर पुन्हा गादी टाकलीय, शाळेच्या रस्त्यावर गाड्या सुसाट जातात, या गोष्टी डॉलिस हिलला सुटत नाहीत. त्या सुटतात शेजारच्या चार माणसांची तोंडओळख असली की.

न्यूहॅममध्ये चाळीस टक्क्यांहून जास्त लोक आशियाई वंशाचे आहेत. इथे पब फक्त जुन्या गोऱ्या चाहत्यांच्या आठवणींवर चालणार नाही, हे हिशोबाला धरून आहे. त्यातले पुष्कळ जण केव्हाच एसेक्सकडे राहायला गेले. ते कधीतरी येतात, बाहेरच्या चौकातल्या पुतळ्यापाशी फोटो काढतात. बॉबी मूरला खांद्यावर घेतलेला तो १९६६ च्या वर्ल्ड कपचा पुतळा. मूर, हर्स्ट, पीटर्स हे तिघे वेस्ट हॅमचे, चौथा रे विल्सन एव्हर्टनचा. आठवणींना मान आहेच. पण मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला आत कोण बसतं, यावर पबचं भवितव्य ठरतं.

आता कायद्याचं थोडं, कारण त्याबद्दल आपल्या लोकांत गैरसमज आहे. "वारसा इमारत आहे, म्हणजे वाचली," असं एकाने लिहिलं होतं. नाही. त्या यादीने भिंती, काचा, छत वाचतं. आत पब चालू राहील याची हमी मिळत नाही. २०१७ पासून इंग्लंडमध्ये पब पाडायला किंवा त्याचं दुसरं काही करायला कौन्सिलची परवानगी लागते, तेवढा अडसर आहे. त्यापुढची सोय २०११ च्या लोकलिझम ॲक्टमध्ये आहे. परिसरातले २१ मतदार एकत्र येऊन कौन्सिलला सांगू शकतात की ही जागा समाजाच्या उपयोगाची आहे, तिची नोंद करा. नोंद पाच वर्षं टिकते. त्या काळात मालकाने विकायला काढली आणि स्थानिकांच्या गटाने वेळेत इच्छा कळवली, तर पैसे उभे करायला सहा महिने मिळतात. मालकाने त्यांनाच विकावं अशी सक्ती नाही, पण श्वास घ्यायला वेळ मिळतो. दक्षिण लंडनमधल्या नन्हेडचा आयव्ही हाऊस पब २०१३ मध्ये ३७१ लोकांनी शेअर घेऊन असाच विकत घेतला.

आपल्याच पेठेतलं उदाहरण हवं? क्वीन्स मार्केट. जिथे तुम्ही कढीपत्ता, भेंडी आणि मासे घेता, तिथे ३१ मजली टॉवर येणार होता. फ्रेंड्स ऑफ क्वीन्स मार्केटवाल्यांनी वर्षानुवर्षं लढा दिला आणि २००९ मध्ये तेव्हाचे महापौर बोरिस जॉन्सन यांनी कौन्सिलला तो आराखडा नाकारायला लावला. बाजार वाचला, कारण रोज तिथे जाणारे लोक होते. जिथे कुणी जातच नाही, त्या जागेसाठी सह्या कुठून आणणार?

म्हणून माझं तिघांना सांगणं आहे.

पबच्या मालकांना: फुटबॉलची खूण पुसू नका. सुंदर काचांच्या मागे महागडं रेस्टॉरंट झालं तर जुना माणूसही जाईल आणि नवा येणार नाही. मद्य न पिणाऱ्यांसाठी, शाकाहारी लोकांसाठी, लहान मुलं घेऊन येणाऱ्यांसाठी जागा आहे हे दारावरच दिसू द्या. ग्रीन स्ट्रीटवर धंदा करायचा तर ग्रीन स्ट्रीटचं गिऱ्हाईक ओळखा.

कौन्सिलला: बोलिनसारख्या जागांची नोंद ठेवण्यासाठी लोकांनी अर्ज करायची वाट बघू नका. हा हक्क आहे, हे निदान घरोघरी कळवा.

आणि आपल्याला: महिन्यातून एकदा जा. जोडीने जा, मुलांना घेऊन जा. बारवरच्या म्हाताऱ्याला विचारा, शेवटच्या सामन्याला तुम्ही होतात का. तो तासभर बोलेल. मग तो विचारेल, तुम्ही कुठले. तुम्हीही बोला. एवढी साधी ओळख असती, तर ऐंशी सालच्या पोरांना दार लावून घरात बसावं लागलं नसतं, असं मी म्हणणार नाही. द्वेष इतका सहज जात नाही. पण पुन्हा तशी वेळ आली, तर आपल्या बाजूने उभं राहणारं कुणीतरी ओळखीचं हवं. ते ऐन वेळी शोधून मिळत नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी चारला मी बोलिनमध्ये असेन. सोडा प्या, चहा मिळाला तर चहा, नाहीतर काहीच नको. पटत नसेल तर खाली खुशाल भांडा, पण कारण लिहा.