रेक्झिन का उचलते?

मराठी घेऊन बी. ए. करणाऱ्या मुलीने वार्षिकांकासाठी लेख लिहायचा म्हणजे तो पहिल्या पावसावर, आईवर किंवा मूल्यांच्या ऱ्हासावर असावा, असा एक अलिखित संकेत आहे. मी मात्र मोटारीच्या डॅशबोर्डवर लिहिणार आहे. गुरुजनांनी आणि मैत्रिणींनी क्षमा करावी.

मोटार सांगलीच्या माझ्या मामांची. जुनी प्रीमियर पद्मिनी. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या कंपनीने ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात बनवली. तिचे उत्पादन २००० सालच्या सुमारास थांबले आणि ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सीही गेली. मामांची गाडी मात्र अजून दारात उभी आहे. याच गाडीतून आजोबांना मिरजेच्या दवाखान्यात नेले-आणले होते.

आधीच्या मालकाने तिच्या डॅशबोर्डवर फोम घालून काळे रेक्झिन बसवून घेतले होते. गेल्या मे महिन्यात मी साताऱ्याहून सुट्टीला गेले, तेव्हा ते काचेच्या बाजूने वीतभर उचलले होते आणि मध्ये फुगे आले होते. उन्हात त्याचे प्रतिबिंब समोरच्या काचेवर पडे आणि रस्ता दिसेना. मामा म्हणाले, "आता देतो भंगारात." मामी काही बोलल्या नाहीत, नुसत्या आत निघून गेल्या.

मी म्हटले, चिकटवून बघू. घरात लाकडाचा पांढरा डिंक होता. कडा उचलून तो भरला, वर शब्दकोशाचे दोन खंड ठेवले. तिसऱ्या दिवशी रेक्झिन पुन्हा वर! आमच्या गल्लीच्या टोकाला एक वृद्ध कुशनवाले आहेत. त्यांच्याकडे गेलो, तर ते हसून म्हणाले, "पोरी, वरनं काय चिकटवतीस? आतनं बघ की, काय झालंय ते."

आतून पाहिले, तेव्हा सारा प्रकार उमगला. रेक्झिनच्या कापडावर जो थर असतो, तो मऊ राहावा म्हणून त्यात तेलासारखे द्रव्य मिसळलेले असते. बंद गाडी उन्हात तापली की ते हळूहळू उडून जाते. जुन्या गाडीच्या काचेवर आतून धुरकट थर बसतो, तो पुष्कळदा त्याचाच. द्रव्य गेले की रेक्झिन आक्रसते, कडक होते आणि कडा ओढू लागते. त्याच उष्णतेने खालचा चिकट पदार्थ ढिला होतो. आमच्या गाडीतला फोम तर झिजून पिवळी भुकटी झाला होता. भुकटीवर कोणता डिंक धरणार? शिवाय पांढरा डिंक वाळतो तो लाकूड पाणी शोषून घेते म्हणून. रेक्झिन पाणी पीत नाही.

मग कुशनवाल्यांनी सांगितले तसे केले. केस वाळवण्याच्या यंत्राने कडा जरा दुरून कोमट केली, कारण थंड रेक्झिन उलटवले तर तडकते. भुकटी खरवडली, स्पिरिटच्या फडक्याने जागा पुसली, गेलेल्या फोमच्या जागी पातळ नवा तुकडा बसवला. नंतर चांभार वापरतात ते सोल्युशन दोन्ही बाजूंना पातळ लावले. वासाने डोके धरते, म्हणून गाडीची दारे सताड उघडी ठेवली. खरी परीक्षा पुढे होती: लावल्याबरोबर चिकटवायचे नाही. बोट लावले तर बोटाला येऊ नये, इतके सुकेपर्यंत थांबायचे. मी पहिल्यांदा घाई केली आणि एक फुगा आला. तो अजून आहे. शेवटी मधून कडेकडे दाबत नेले आणि वाळूच्या पिशव्या रात्रभर वर ठेवल्या. आक्रसलेले रेक्झिन एका कोपऱ्यात बोटभर कमी पडले. ते ताणले असते तर फाटले असते. तिथे वेगळी पट्टी लावली. ती दिसते.

आता माझे म्हणणे. 'श्रमप्रतिष्ठा' या विषयावरील निबंधाला मला दोनदा बक्षीस मिळाले आहे, आणि या मे महिन्यापर्यंत मी हातात पाना धरला नव्हता. हा दोष एकटीचा नाही. १९४७ साली साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी छत्रपती शिवाजी कॉलेज काढले आणि 'कमवा आणि शिका' हे तत्त्व महाविद्यालयात आणले. त्याच वर्षी सांगलीत अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. पुढे त्याला याच वालचंदांचे नाव मिळाले. पण हातांनी शिकायचे ते तिकडच्यांनी आणि पुस्तकांतून शिकायचे ते आपण, ही वाटणी कोणी केली? कर्मवीरांनी तर खास केली नव्हती.

कोणी म्हणेल, सर्वांनीच दुरुस्ती केली तर कारागिराने खायचे काय? मला उलटा अनुभव आला. आधी मामांनी कुशनवाल्यांच्या मजुरीवर घासाघीस केली होती. दोन दिवस डॅशबोर्डवर वाकून पाठ धरल्यावर त्यांनी सीटचे काम त्याच माणसाला दिले आणि सांगितले तेवढे पैसे मुकाट्याने मोजले. कामाची किंमत काम केल्याशिवाय कळत नाही.

म्हणून एक सूचना. २०२० च्या शैक्षणिक धोरणात व्यावसायिक कौशल्यांना जागा आहे. ती कागदावर राहू नये. कलाशाखेला आठवड्यातून एक तास दुरुस्तीचा असावा. ग्रंथालयात बांधणी सुटलेली पुस्तके आहेत, वर्गात मोडक्या खुर्च्या आहेत, यंत्रशाळा नको. शिकवायला गावातले बाइंडर, सुतार, कुशनवाले बोलवावेत, मानधन द्यावे आणि त्यांना 'सर' म्हणावे.

गाडी भंगारात गेली नाही. मागच्या महिन्यात मामा-मामी तिच्यातूनच साताऱ्याला आले. मामींनी त्या पट्टीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी जरा सरळ लाव."