सरळ केलेली नदी आणि वाकडे शहाणपण

१/ ‘नदी सरळ केली की पूर टळतो’ हे विधान आजही अंतिम सत्य म्हणून मिरवले जाते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने हे सत्य आजमावले. त्याची किंमत किसिमी नदीने मोजली.

२/ किसिमी सरोवरातून निघून ओकीचोबी सरोवराला मिळणारी ही नदी सुमारे १६६ किलोमीटर नागमोडी वाहत असे. पावसाळ्यात तिचे पाणी काठ ओलांडून विस्तीर्ण पूरमैदानात पसरे आणि तेथे दीर्घकाळ रेंगाळे.

३/ १९४७ च्या चक्रीवादळांनी दक्षिण फ्लोरिडा जलमय झाला. लोकांचे हाल खरे होते, संरक्षणाची मागणीही रास्त होती. उपाय मात्र घातक ठरला. १९६२ ते १९७१ या काळात लष्कराच्या अभियंता दलाने नदीऐवजी सुमारे ९० किलोमीटर लांब आणि ९ मीटर खोल कालवा खोदला. त्याचे नाव ‘सी-३८’. नदीचा असा क्रमांक झाला!

४/ पाणथळी आटल्या, तेथे गुरांची कुरणे आली. हिवाळी पाणपक्षी ९० टक्क्यांहून अधिक घटले. पाण्यातील प्राणवायू घटला आणि मासेही रोडावले.

५/ यावर ठरलेला सवाल येतो : ‘माणसे वाचवायची की बगळे?’ हा सवालच फसवा आहे. पूरमैदान पाणी धरून ठेवते आणि हळूहळू सोडते. कालवा पाणी नाहीसे करीत नाही, ते केवळ वेगाने पुढच्याच्या दारात नेऊन टाकतो.

६/ १९९२ मध्ये अमेरिकी संसदेने नदीच्या पुनरुज्जीवनाला मंजुरी दिली. १९९९ पासून २०२१ पर्यंत कालव्याचा सुमारे ३५ किलोमीटरचा मधला भाग बुजवण्यात आला आणि सुमारे ७० किलोमीटर नदी पुन्हा वळणे घेत वाहू लागली. बगळे, शराटी परतले. पूरसंरक्षणही सोडले नाही. पूरमैदानातील जमिनी सरकारने विकत घेतल्या, वरच्या सरोवरांत अधिक पाणी साठवण्याची तजवीज केली आणि जेथे गरज होती तेथे कालवा राखला.

७/ खोदायला नऊ वर्षे लागली, त्यातला निम्म्याहून कमी भाग बुजवायला बावीस. खर्च मूळ खोदकामाच्या कित्येक पट. नाल्यांना काँक्रीटच्या भिंती घालून फीत कापणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडावा. नदीची जागा आज राखणे स्वस्त आहे. उद्या ती विकत घ्यावी लागते, आणि पैसे त्याच जनतेच्या खिशातून जातात.