मुशीत सोने वाढत नाही

खानापूर-आटपाडी, खटाव-माण या दुष्काळी भागातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या देशभर गलाईचा धंदा करतात. मुशीत टाकलेल्या सोन्यातले हीण निघून जाते, सोने मात्र वाढत नाही, हे सांगली-साताऱ्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असते. मग मोबाइलवर 'तुमचे क्रिप्टो नुसते पडून आहे, एक बटण दाबा आणि यील्ड मिळवा' असे आले की हे शहाणपण जाते कुठे?

मुसलमानांसाठी या आमिषाला वेगळे वेष्टन असते. त्यात 'व्याज' शब्द येत नाही. कुठे 'रिवॉर्ड' म्हणतात, कुठे थेट 'हलाल नफा'. पण कंपनी तुमचे नाणे घेऊन दुसऱ्याला उधार देत असेल आणि तुम्हाला ठरलेला टक्का देत असेल, तर ते कर्जावरचे व्याजच. कुरआनने रिबा हराम ठरवला आहे. नाव बदलून तो हलाल होत नाही. बेंगळुरूच्या आयएमएने 'हलाल'च्याच नावावर मुसलमानांचे पैसे गोळा केले आणि 2019 मध्ये ती कोसळली.

क्रिप्टोतही हे घडून गेले आहे. गेनबिटकॉइनने 18 महिने दरमहा 10 टक्के बिटकॉइन देण्याचे आश्वासन दिले. पुढे बिटकॉइनऐवजी स्वतःचेच 'एमकॅप' नाणे लोकांच्या हाती ठेवले. 2018 मध्ये पुणे पोलिसांनी मुख्य आरोपी अमित भारद्वाजला अटक केली.

'ती लबाडी होती, मोठ्या कंपन्या तशा नसतात' असे म्हणणाऱ्यांनी 2022 आठवावे. जूनमध्ये अमेरिकेच्या सेल्सियसने पैसे काढणे बंद केले आणि जुलैत दिवाळखोरीचा अर्ज केला. भारतीय संस्थापकांच्या वॉल्डचेही दार त्याच जुलैत बंद झाले. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, इथे तोही नाही.

इथेरियमच्या स्टेकिंगची गोष्ट वेगळी आहे. तिथे व्यवहार पडताळण्याच्या कामाचा मोबदला मिळतो. तो जायज की नाजायज, यावर उलेमांनी जरूर चर्चा करावी. पण सगळे एकाच बटणामागे दडवले की काम कोणते आणि कर्ज कोणते, हे कळणार कसे? सोपेपणावर माझा आक्षेप आहे तो इथेच.

हजरत खदीजा (रजि.) यांनी पैगंबरांकडे (स.) माल सोपवला, तेव्हा काफिला शामला निघाला आहे हे त्यांना ठाऊक होते. सोबत त्यांनी आपला मैसराही पाठवला. याला भागीदारी म्हणतात. मुदारबात नफ्यातला वाटा ठरतो, परताव्याची हमी मिळत नाही.

म्हणून कराड असो वा मिरज, दारात येणाऱ्या एजंटाला तीन प्रश्न विचारा: माझे नाणे कुणाच्या हाती जाणार? तो त्याचे काय करणार? बुडाले तर कुणाचे? उत्तराऐवजी तो फतव्याची झेरॉक्स पुढे करू लागला, तर त्याला चहा पाजा आणि रस्ता दाखवा.